आवाजावरून

जानेवारीतली गोष्ट. ऑफिसातून यायला साडेआठ झाले होते. कोपऱ्यावरून आत वळले तर गेट उघडंच, आणि वॉचमन मामा दांडा धरून उभे. गेले काही महिने हे असंच चाललं होतं. मला हॉर्न वाजवायची वेळच येत नव्हती. मला त्याचं बरं वाटायचं, खरं सांगायचं तर थोडं अवघडल्यासारखंही व्हायचं. साठी ओलांडलेला माणूस, गळ्याला मफलर, पायाशी शेगडीवजा एक डबा, आणि तो आपल्या एकटीसाठी खुर्ची सोडून उठतो. म्हणून त्या दिवशी काच खाली करून म्हटलं, "मामा, माझ्यासाठी असं उठून उभं राहू नका हो. मी थांबेन की मिनिटभर." ते हसले. म्हणाले, "त्यात काय मॅडम. तुमची गाडी आवाजावरून कळते ना. कोपऱ्यावरच्या स्पीड ब्रेकरला आली की ओरडते, चीं करून. तोवर मी उठतो. बाकीच्यांच्या गाड्या तोंडावर आल्याशिवाय कळत नाहीत."

मी "बरं बरं" म्हणून गाडी आत घेतली. लिफ्टमध्ये उभी राहिले आणि तो शब्द परत कानात आला. ओरडते. कोण ओरडतंय? कधीपासून? दुसऱ्या दिवशी सकाळी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, चारी काचा खाली केल्या आणि शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू गाडी चालवली. भिंत आवाज परत देते, हे लहानपणी शिकलेलं. डाव्या मागच्या चाकातून बारीक, टोकदार आवाज येत होता, फळ्यावर खडू तिरका लागल्यावर येतो तसा. ब्रेक दाबला की वाढायचा. इतका स्पष्ट, की तो इतके महिने आपल्याला ऐकू कसा आला नाही याचंच मला भय वाटलं.

ब्रेक मिस्त्रीची मुलगी मी.

आप्पांचं अख्खं आयुष्य लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला घासून गाडी धरणारी पट्टी, बदलण्यात गेलं. खंबाटकी घाट उतरून सुरूरकडे आलं की रस्त्याच्या कडेला गॅरेजांची रांग असायची, त्यातल्या एकात ते होते. बोगदा तेव्हा नव्हता. येणारी-जाणारी सगळी वाहतूक घाटातूनच. पुण्याकडून आलेला भरलेला ट्रक घाट उतरून खाली आला की त्याच्या आधी त्याचा वास यायचा. जळकट, थोडा रबरासारखा, थोडा केस जळाल्यासारखा, घशाच्या वरच्या बाजूला चिकटून बसणारा. ज्याने कधी घाटाखाली ट्रक उभा असलेला पाहिलाय त्याला तो वास वेगळा सांगायला नको. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे सगळ्या ड्रायव्हरांना पाठ असतं, पण घाई असली की माणूस वरच्या गिअरात सोडतो आणि पायाने धरत धरत येतो. मग लायनर इतका तापतो की त्यातली राळ जळायला लागते, तिचा वायू लायनर आणि ड्रमच्या मधे येतो आणि पाय कितीही दाबला तरी गाडी धरत नाही. असे ट्रक आमच्या दारात येऊन उभे राहायचे. ड्रायव्हर उतरून पहिल्यांदा चहा मागायचा. त्याच्या हातातला कप हलताना मी पाहिलेला आहे.

शाळा सुटली की दप्तर घेऊन मी तिथेच. आप्पा जुना लायनर छिन्नीने उडवायचे, तो ज्यावर बसतो तो लोखंडी शू घासून साफ करायचे, नवा लायनर त्यावर बसवून रिवेट मारायचे. मधल्यापासून सुरुवात, मग एक इकडे, एक तिकडे. टोकापासून मारत आलं तर मधे पोकळी राहते. सगळ्या रिवेट मारून झाल्या की शू एका हातात लटकता धरायचा आणि लहान हातोडीने लायनरवर टकटक करत जायचं. नीट बसला असेल तर आवाज कोरडा, सरळ येतो. कुठे जरा ढिला असेल तर तेवढ्या जागी भद्द वाजतो. आप्पांचा डोळा तेव्हा शूवर नसायचाच. रस्त्यापलीकडच्या शेताकडे बघत ते टकटक करायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "हितं." मला काहीच फरक कळायचा नाही. नंतर नंतर कळायला लागला. सातवी-आठवीत मी सुद्धा "हितं" म्हणायला लागले आणि ते मान हलवायचे, तेव्हा जे वाटायचं ते दहावीच्या निकालालाही वाटलं नाही.

तर त्या मुलीला स्वतःच्या गाडीचा आवाज कळला नाही, तो वॉचमन मामांना कळला. हे मला लागलं. पण त्याहून जास्त लागली ती दुसरीच गोष्ट, जी दोन दिवसांनी डोक्यात आली. दिवाळीनंतर आप्पांना मी गावाहून पुण्याला घेऊन आले, ते याच गाडीतून. दोन-अडीच तास ते माझ्या शेजारी बसून होते. शिरवळपाशी थांबलो, टोलला थांबलो, कात्रजच्या अलीकडे गर्दीत तर शंभर वेळा ब्रेक लागला असेल. ते काही बोलले नाहीत. आणि आप्पा काही बोलले नाहीत याचा अर्थ माझ्या मनाने परस्पर लावून टाकला होता, की गाडी ठीक आहे. माझ्यासाठी आरटीओच्या पासिंगपेक्षा ते मोठं सर्टिफिकेट.

गाडी 2009 ची होंडा सिव्हिक. मी घेतली तेव्हाच सहा वर्षांची होती. तिला 15 वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरातल्यांनी आडून आडून सुचवून पाहिलं की आता बास. रजिस्ट्रेशन पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवायची फी 2022 च्या एप्रिलपासून 600 ची 5000 झालेली, वर पर्यावरण कर. तरी मी केलं. सोसायट्यांमधल्या उंच स्पीड ब्रेकरवर ती पोट घासते हे खरं आहे, पण स्टिअरिंग हातात धरलं की रस्ता कसा आहे ते हाताला कळतं, असं आजकालच्या किती गाड्यांत होतं? आणि तिला चारही चाकांना डिस्क आहेत, म्हणजे ड्रमऐवजी उघडी लोखंडी चकती आणि तिला दोन्हीकडून दाबणारे पॅड. आपल्याकडच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम. आप्पांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा वाकून मागच्या चाकाच्या फटीतून आत डोकावले होते आणि म्हणाले होते, "ह्याला मागं पण थाळी?" त्यांच्यासाठी डिस्क म्हणजे थाळी.

ज्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली तिथे काउंटरवरच्या मुलाने गाडीचं वर्ष पाहिलं आणि पॅड, डिस्क, पॅड आवळणारा कॅलिपर असं सगळंच लिहून काढलं. चाक काढून पाहिलं नव्हतं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि शनिवारी नाना पेठेत गेले. तिथल्या स्पेअर पार्टच्या गल्लीत अजूनही काउंटरमागचा माणूस जुना पॅड हातात घेऊन, फिरवून, कडेची खाच अंगठ्याने चाचपून मागच्या फळीवरून बरोबर खोका काढतो. मी जुना पॅड नेला नव्हता, फोटो नेला होता. त्याने विचारलं, "हँडब्रेक कॅलिपरमध्येच ना?" मी हो म्हटलं. दोन हजारांच्या आत चारही पॅड आले, सोबत सिलिकॉन ग्रीसची छोटी पुडी आणि ब्रेक क्लीनरचा एक डबा. खोक्यावर एका कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ॲस्बेस्टॉसविरहित. ते मी दुकानातच उभी राहून दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी सातला पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली. आप्पांसाठी प्लास्टिकची खुर्ची. त्यांनी स्वेटरवर जुना खाकी शर्ट चढवला होता, जो ते पुण्याला येताना पिशवीत का आणतात हे मी कधी विचारलेलं नाही. मागच्या ब्रेकला हात घालताना एक गोष्ट सवयीच्या उलट करावी लागते. गाडी जॅकवर घेताना आपण आधी हँडब्रेक ओढतो. पण हँडब्रेक याच चाकांना, याच कॅलिपरमधून धरतो, तो ओढलेला असेल तर पॅड सुटायचेच नाहीत. म्हणून गाडी पहिल्या गिअरात ठेवली, पुढच्या दोन्ही चाकांना मागूनपुढून विटा लावल्या, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले आणि मग हँडब्रेक सोडला. आप्पांनी उठून प्रत्येक वीट पायाने ढकलून पाहिली. जॅकवर गाडी उचलली, खाली घोडी सरकवली, गाडीचं वजन घोडीवर दिलं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही हा त्यांचा नियम. त्यांच्या गॅरेजात एका पोराची बोटं गेली होती.

चाक काढलं. डिस्कच्या कडेला गंजाची तांबूस रेघ, मधे घासून चकचकीत झालेला पट्टा. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले आणि काही न बोलता त्यांनी डिस्कवर नख ठेवलं. आतून बाहेर, हळूहळू, रेकॉर्डवर सुई फिरावी तसं. कडेला जिथे पॅड पोचत नाही तिथे एक उंचवटा तयार होतो. त्याला नख अडलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. "खोल न्हाई गेली. चालंल." मी जाडी मोजायचा व्हर्निअर आणला होता तो लावून पाहिला. चालणार होती. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरची सगळ्यात मोठी रक्कम तिथेच वाचली.

12 च्या पान्याने कॅलिपरचे दोन बोल्ट काढायचे. वरचा सरळ सुटला. खालचा सुटला, पण त्याची स्लाइड पिन बाहेर येईना. कॅलिपर एका बाजूने दाबतो आणि या पिनांवर सरकून दुसरी बाजूही सारखी आवळतो, म्हणून पिन नेहमी लोण्यासारखी सरकली पाहिजे. ही जागच्या जागी बसली होती. रबरी टोपी कुठेतरी फाटून आत पाणी गेलं असणार, पुण्याचे दोन पावसाळे पुरेसे आहेत. क्लीनर मारला, थांबलो, पक्कडीने धरून थोडी डावीकडे थोडी उजवीकडे असं करत करत ती बाहेर काढली. काळपट, गंजाचे ठिपके पडलेली. कॅलिपर निघाल्यावर तो पाइपवर लोंबकळू द्यायचा नसतो, आतून पाइप तडकतो. आप्पांनी खिशातून सुतळी काढली आणि तो स्प्रिंगला बांधून टाकला. बांधताना त्यांची बोटं थरथरत होती. गाठ मात्र पहिल्यांदाच बसली.

पॅड बाहेर आले. बाहेरच्या बाजूच्या पॅडवर अजून चार-पाच मिलिमीटर माल होता. आतला पॅड मात्र संपत आलेला, लोखंडी पाठीवर जेमतेम साबणाच्या उरलेल्या चिपेइतका थर. आणि त्या पाठीला कडेला लावलेली ती छोटीशी वाकडी पत्ती, टोक डिस्कला टेकून घासून उजळलेलं. पॅड साधारण 2 मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागावी अशाच बेताने बसवलेली असते. ती ब्रेकचं काहीच काम करत नाही. ओरडायचं, एवढ्याचसाठी ती असते. मी ती अंगठ्याने छेडली. बारीक टिंग वाजली.

"ही वाजत होती आप्पा. दिवाळीपासून. तुम्ही गाडीत होता तेव्हाही वाजत असणार."

त्यांनी पॅड हातात घेतला. पत्ती कानाजवळ नेऊन नखाने छेडली. परत छेडली. मग दुसऱ्या कानाला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलेलं होतं, शूवर टकटक करताना शेताकडे बघायचे तेच. फक्त या वेळी ते "हितं" म्हणाले नाहीत. पॅड सतरंजीवर ठेवून त्यांनी हात शर्टाला पुसले.

"मला न्हाई येत हा आवाज," ते म्हणाले. "बारीक असलं आता काय येत न्हाई. कुकरची शिट्टी येती. तुझा फोन वाजला तर न्हाई येत."

मी काही बोलू शकले नाही.

वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, हे मला माहीत होतं. ज्याने चाळीस वर्षं रिवेटवर हातोडी मारली त्याचे आणखी लवकर जात असतील. माहीत असणं वेगळं. गेली दोन वर्षं घरात मी मागून हाक मारली की ते वळायचे नाहीत आणि मला वाटायचं, तंद्री लागली असेल. टीव्हीवर मुलींचं गाणं लागलं की उठून गॅलरीत जायचे, मला वाटायचं आवडत नसेल. कितीतरी गोष्टींवर मी माझ्या सोयीचे अर्थ लावून ठेवले होते, आणि त्यांनी ते खोडले नव्हते. ते गाडीत गप्प बसले होते आणि मी त्या गप्पपणावर विसंबून दोन महिने गाडी चालवली होती. माझ्या मुलीला शाळेत सोडत होते त्याच गाडीतून.

काम तर पुढे न्यायचंच होतं. कॅलिपरच्या बैठकीत काळी भुकटी साचली होती. आप्पा पुढे वाकले आणि गाल फुगवले. मी जवळजवळ ओरडलेच, "फुंकू नका!" ते तसेच थांबले. वाकलेले, तोंडात हवा धरून. मग हळूच सोडली, बाजूला, जमिनीकडे. मी क्लीनरचा फवारा मारला, भुकटी ओली होऊन काळ्या ओघळाने खालच्या कागदावर उतरली. ते बघत राहिले. "आमी तर कंप्रेसरची नळी लावायचो," ते म्हणाले. "एक हवा मारली की ड्रम लख्ख."

लख्ख व्हायचा, मला आठवतंय. पांढरट राखाडी ढग उठायचा आणि उन्हाच्या तिरिपेत सावकाश खाली बसायचा. मला तो फार आवडायचा. त्यात हात घालून मी बोटं फिरवायचे. आप्पांच्या भुवयांवर तो असायचा, त्यांच्या भाकरीच्या फडक्यावर असायचा. संध्याकाळी ते घरी आले की आई त्यांचे कपडे परसात नेऊन दगडावर आपटायची, मगच पाण्यात टाकायची, नाहीतर पाणी राखाडी होतं म्हणून. तेव्हाच्या ट्रकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. उष्णता सहन करतं, लवकर झिजत नाही, स्वस्त पडतं. त्याचे तंतू फुप्फुसात बसले तर रोग दिसायला 20-40 वर्षं लागतात. 1995 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल निकाल दिला, त्यात म्हटलंय की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षं जपून ठेवा. मी तो निकाल वाचला तेव्हा चाळीसवर बोट ठेवून बसले होते. घाटाखालच्या आमच्या रस्त्यावर माणसांची हजेरीसुद्धा कुठे लिहिलेली नव्हती. आई गेली ती हृदयविकाराने, त्याचा धुळीशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलंय. आप्पांच्या छातीचा एक्स-रे मी दरवर्षी काढते. आतापर्यंत स्वच्छ आहे. तरी तो लिफाफा उघडताना दरवर्षी मला परसातला तो आपटण्याचा आवाज येतो.

हे सगळं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. ज्या कामाने आम्हाला शिकवलं, त्या कामाबद्दल त्यांना या वयात काय सांगायचं? पार्किंगमध्ये मी एवढंच म्हटलं, "आता ओलं करूनच पुसतात, आप्पा." ते "बरं हाय की" म्हणाले आणि त्यांनी स्वतः दुसऱ्या बाजूला फवारा मारला.

नवा पॅड जाड, म्हणून कॅलिपरचा पिस्टन आत ढकलावा लागतो. ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं, पिस्टन आत गेला की तेल वर येतं. सिरिंजने थोडं काढून घेतलं. ते रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग उकलतो. मी परत येईपर्यंत आप्पांनी शिकंजा लावून पिस्टन दाबायला घेतला होता. पिस्टन तसूभर हलत नव्हता. मी सांगणार होते, तेवढ्यात त्यांनीच शिकंजा सोडवला आणि पिस्टनच्या तोंडावर बोट फिरवलं. त्यावर अधिकच्या चिन्हासारख्या चार खाचा असतात.

"ह्या खाचा कशाला दिल्यात?"

मी गप्प राहिले. त्यांना विचार करताना बघायचं होतं.

ते हँडब्रेकची तार कुठे येते ते बोटाने शोधत गेले. कॅलिपरच्या पाठीमागच्या दांडीपर्यंत आले. दांडी थोडी हलवून पाहिली. पुन्हा खाचांवर आले. "आत आटे हायत," ते म्हणाले. "हँडब्रेक वडला की आट्यानं दाबतंय. म्हंजे हे ढकलायचं न्हाई, फिरवायचं." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला क्षणभर ते घाटाखालच्या उन्हात उभे दिसले. ज्या माणसाने आयुष्यात असला कॅलिपर उघडलेला नव्हता, त्याला ते दोन मिनिटांत उमगलं होतं. मी मॅन्युअलची तीन पानं वाचून तिथे पोचले होते.

लांब नाकाच्या पक्कडीची दोन टोकं समोरासमोरच्या खाचांत घातली. एका हाताने आत रेटायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवायचं. पहिले दोन वेढे काहीच होत नाही असं वाटतं. नुसता गोल फिरतो. मग कधीतरी तो आत जायला लागतो, केसभर, आणखी केसभर, त्याच्या भोवतीचं रबर हळूहळू मिटत येतं. ते रबर पिळलं जातंय का याकडे लक्ष ठेवावं लागतं, पिळलं की फाटतं. आप्पा रबरावर बोट ठेवून होते आणि मी फिरवत होते. "थांब." मी थांबायचे. ते रबर सारखं करायचे. "हां." शेवटी खाच अशा कोनात आणून ठेवायची की नव्या पॅडच्या पाठीवरचा खुंट तिच्यात बरोबर बसेल. नाही बसला तर पॅड तिरका राहतो, तिरका झिजतो.

पॅड बसवण्याआधी त्यांनी पिशवीतून कानस काढली. लाकडी मूठ, हाताच्या घामाने काळी पडलेली. नव्या पॅडच्या दोन्ही कडा तिरक्या घासायच्या, थोड्याच. कड कोरी ठेवली तर ती डिस्कला चावते आणि वाजते, लायनरलाही ते हेच करायचे. मी म्हटलं, या पॅडला कंपनीतूनच कडा काढून येतात. मी त्यांना दाखवल्या, खरंच काढलेल्या होत्या. तरी त्यांनी कानशीचे तीन-तीन हात मारले. त्या कामात त्यांचे हात थरथरत नव्हते. आणि त्यांना स्वतःला आता ऐकू न येणारा आवाज होऊ नये म्हणून ते त्या कडा घासत होते. मी खाली बसून पिनेला ग्रीस लावत होते, वर बघितलं नाही.

दुसऱ्या बाजूचं चाक पाऊण तासात झालं. तिकडची पिन मोकळी होती आणि पॅड दोन्हीकडून सारखे झिजलेले. गाडी खाली घेतली, नट फुलीच्या क्रमाने आवळले. मग गाडी हलवायच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम. पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट जमिनीला टेकतं, खाली काहीच नाही असं. मला माहीत असूनही पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा थोडं अडलं, चौथ्या-पाचव्या वेळी पायाखाली टणक झालं. तेलाची पातळी पाहिली, झाकण लावलं, हँडब्रेक दोन-चारदा ओढून सोडला.

नवे पॅड डिस्कशी जुळायला थोडी फिरती लागते. रविवारची सकाळ होती, मागचा रिंगरोड मोकळा होता. आप्पा शेजारी बसले. पन्नासपर्यंत न्यायची, मध्यम दाबाने दहा-पंधरापर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग घ्यायचा. मधे थंड व्हायला वेळ द्यायचा. आठ-दहा वेळा तसं केलं. काचा खाली होत्या. आधी नव्या पॅडचा खरखरीत आवाज येत होता, तो हळूहळू बसत गेला. किंचित वास आला, घाटातल्या वासाचा लांबचा, सौम्य नातेवाईक. आप्पांनी नाक वर करून तो घेतला. नाक शाबूत होतं. त्यांचा डावा तळहात सीटखालच्या फरशीला लावलेला होता आणि प्रत्येक ब्रेकला ते मान हलवत होते. हाताने काय कळत होतं ते त्यांनाच ठाऊक.

"गेला का आवाज?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"पुरा?"

"पुरा गेला, आप्पा."

ते समाधानाने मागे टेकून बसले. त्यांच्यासाठी आधीही शांतता होती आणि आताही तीच शांतता होती. माझ्या शब्दावर त्यांनी काम झालं असं मानलं. मी भिंतीला लागून असलेल्या रस्त्याने परत एकदा गाडी नेली, अगदी हळू, आणि जितकं लक्षपूर्वक ऐकता येईल तितकं ऐकलं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची हे तिथेच ठरवलं. त्यांना काही बोलले नाही, सकाळी सांगून पाहू म्हटलं.

कोपऱ्यावरचा स्पीड ब्रेकर आला. ब्रेक दाबला. टायरखाली वाळू चुरचुरली तेवढीच. वळले, तर गेट बंद. मामा केबिनमध्ये रजिस्टरवर वाकून कुणा डिलिव्हरीवाल्याचा नंबर लिहून घेत होते, पाठ आमच्याकडे. मी थांबले. एक मिनिट गेलं असेल. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग गेटकडे.

"वाजीव की," ते म्हणाले.

मी हॉर्न वाजवला.